जुनी शाळा, जुनं पोस्ट

आमच्या गावात पूर्वी काय काय होतं, ते शोधायला जुनं दप्तर चाळावं लागत नाही. घरांवरच्या पाट्या वाचल्या की झालं. ‘द ओल्ड स्कूल’, ‘द ओल्ड पोस्ट ऑफिस’, ‘द ओल्ड बेकरी’, ‘द ओल्ड फोर्ज’. शाळेत एक निवृत्त जोडपं राहतं, पोस्टात लंडनहून आलेलं कुटुंब राहतं, आणि लोहाराची भट्टी होती तिथे दोन मोटारी उभ्या असतात.

गाव इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमधलं, लेमस्टरपासून सहा मैलांवर. (लिहितात ‘लिओमिन्स्टर’, म्हणतात ‘लेमस्टर’. पहिलं वर्षभर बसच्या ड्रायव्हरची फुकट करमणूक झाली.) नवऱ्याची नोकरी इथल्या दवाखान्यात, म्हणून अकरा वर्षांपूर्वी आलो. माझं माहेर पाटण तालुक्यातल्या एका वाडीचं. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट सध्या नऊ आहे. त्यातली दोन मुलं भावंडं, आणि ती पुण्याला जायच्या बेतात आहेत.

२०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. राज्यभरात अशा जवळपास पंधरा हजार शाळा निघाल्या. त्या मिटवून ‘समूह शाळा’ करायच्या, म्हणजे आसपासच्या वाड्यांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, अशी कल्पना होती. तेव्हापासून आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, ‘परदेशात असल्या चिमुकल्या शाळा ठेवतच नाहीत, बसने मुलं नेतात.’ दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ‘इंग्लंडचं खेडं बघा, शंभर घरांना सगळ्या सोयी, आणि आपल्याकडे आहे तेही काढून घेतात.’ साक्षीला दोघांनाही मीच हवी असते. सरपंच असलेला माझा धाकटा चुलतभाऊ तर परवा म्हणाला, “ताई, तू तिथं राहतीस, तूच सांग ना एकदाचं, तिकडं हाय का न्हाय?”

आहे आणि नाही.

नाही ते आधी सांगते. पाइपचा गॅस आमच्याकडे नाही. परसात तेलाची टाकी आहे, ते तेल जाळून घर गरम होतं. स्वस्त पडावं म्हणून गावातली तीसेक घरं एकत्र मागणी नोंदवतात. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी नाही, प्रत्येकाचा सेप्टिक टँक वेगळा, आणि तो उपसायला येणाऱ्या टँकरचे पैसेही ज्याचे त्याने भरायचे. बस आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी जाते नि दुपारी परत येते. लंडन सोडून बाकी इंग्लंडातल्या बस १९८६ साली खासगी कंपन्यांच्या हाती गेल्या. जिथे नफा नाही तिथे कौन्सिल (म्हणजे यांची जिल्हा परिषद) पैसे देईल तेवढीच गाडी. म्हाताऱ्यांना पासावर प्रवास फुकट आहे, पण सकाळी साडेनऊनंतर, आणि आमच्याकडे त्या पासाने चढायचं कशात हा प्रश्न आहे. माझी आई अर्ध्या तिकिटात पाटणला बाजाराला जाऊन येते, हे मी दुकानात सांगितलं तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, “मग तुम्ही इथे कशाला आलात?”

अर्थात आमची मुक्कामाची एसटी २०२१ च्या संपात बंद झाली ती झालीच. संप मिटला, गाडी आली नाही. हे मी त्या आजीबाईंना सांगितलं नाही.

पोस्टाचंही तेच. २००७ ते २००९ या काळात इथल्या सरकारने अडीच हजारांच्या आसपास पोस्ट ऑफिसं बंद केली. आता आमच्याकडे आठवड्यातून एकदा तासाभरासाठी पोस्टाची व्हॅन उभी राहते. उलट वाडीच्या खालच्या गावात डाकसेवकाच्या ओसरीवर शाखा अजून चालू आहे. गावात तीन किराणा दुकानं, पिठाची गिरण, अंगणवाडी आणि वडापच्या जीपगाड्या. नुसती मोजदाद केली तर माझं माहेर पुढे जाईल.

मग ‘आहे’ ते काय? दुकान आहे. पण ते कुणा वाण्याचं नाही. आधीच्या दुकानदाराने वय झालं म्हणून शटर ओढलं, तेव्हा गावाने वर्गणी काढली, हजारभर पौंडांपासून दहा पौंडांपर्यंत ज्याला जमेल तसे भाग घेतले, आणि व्हिलेज हॉलच्या बाजूला लाकडी खोली उभी केली. पगारी माणूस एक, बाकी आम्ही. गुरुवारी दुपारी दोन ते पाच माझी पाळी असते. पाळीपत्रकात पंचवीस नावं आहेत आणि त्यातली चाळिशीच्या आतली फक्त दोन. असली गावकऱ्यांच्या मालकीची दुकानं ब्रिटनमध्ये चारशेच्या घरात आहेत. आमच्याजवळच्या यारपोल गावाने तर दुकान आणि पोस्ट थेट चर्चमध्ये थाटलं. प्रार्थनेच्या जागेत बटाटे विकायचे का, यावरून तिथे काय रामायण झालं असेल याची मला कल्पना करता येते. देवळाच्या सभामंडपात रेशनचं दुकान काढायची सूचना आमच्या वाडीत करून बघा. पण चर्च उघडं राहिलं आणि दुकानही.

लाल टेलिफोन बूथही आहे. टेलिफोन कंपनीने असले बूथ एका पौंडाला गावांना देऊन टाकले. आमच्या बूथमध्ये आता हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र आहे, आणि त्याच्या बॅटरीची तारीख बघायचं काम एका निवृत्त शिक्षिकेकडे.

दुकान सोडून गावाचा बाकी कारभार चालवते ती पॅरिश कौन्सिल, म्हणजे यांची ग्रामपंचायत. १८९४ च्या कायद्याने आलेली. सात सभासद, मानधन शून्य, आठवड्याला मोजके तास काम करणारा एक पगारी कारकून. हिला शाळा, रस्ते, दवाखाना यातलं काहीच ठरवता येत नाही. अधिकारांच्या बाबतीत आपला सरपंच यांच्यापेक्षा राजा आहे. पण एक अधिकार हिला आहे: घरपट्टीवर स्वतःची वेगळी पट्टी बसवायचा. आमच्या घराला वर्षाकाठी साठेक पौंड पडते. जानेवारीच्या थंडीत त्या आकड्यावर जी भांडणं होतात, ती मी बघितली आहेत. कुत्र्यांची घाण टाकायच्या एका पेटीवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. तेव्हा हसू आलं. घरी येताना मात्र आमच्या ग्रामसभा आठवल्या. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वहीवर सह्या, आणि विषय एकच: वरून निधी किती आला आणि कुणाच्या वॉर्डात गेला. घरपट्टी थकवणारा माणूसच निधीवर सगळ्यात मोठ्याने बोलतो. भावाला हे आवडणार नाही, पण त्यालाही ठाऊक आहे.

इथलं फार गुलाबी रंगवू नये. दुकान चालतं ते ज्यांना भरपूर पेन्शन आणि भरपूर वेळ आहे त्यांच्या जिवावर. इथल्या सालगड्याच्या पोराला या गावात घर घेता येत नाही, तो लेमस्टरला भाड्याने राहतो. पोरं नाहीत म्हणून शाळा गेली, शाळा नाही म्हणून पोरंवाले येत नाहीत. वाडीत पोरं कमी झाली ती पुण्या-मुंबईच्या रोजगारामुळे, इथे घरांच्या किमतीमुळे. वर्ग मात्र दोन्हीकडे सारखेच रिकामे.

आता शाळेचं. “बसने मुलं नेतात” हे खरं आहे. आठ वर्षांखालच्या मुलाची शाळा दोन मैलांहून लांब असेल, तर त्याला फुकट न्यायची जबाबदारी कौन्सिलवर कायद्याने असते. आमच्या गल्लीत रोज सकाळी टॅक्सी येते आणि तीन मुलांना घेऊन जाते. पण ग्रुपवरचे लोक पुढचं वाक्य गाळतात. खेड्यातली प्राथमिक शाळा बंद करायची नाही, इथूनच विचार सुरू करायचा, असं इथल्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. म्हणजे ‘का बंद करायची’ हे प्रशासनाने पटवून द्यायचं. आणि शेजारच्या तीन गावांनी वेगळाच मार्ग काढला: शाळा तिन्ही ठेवल्या, मुख्याध्यापिका एक केली. ती गाडीतून फिरते, मुलं आपापल्या गावात.

हे मी भावाला सांगितलं. तो म्हणाला, “आपल्याकडं केंद्रप्रमुख हायेच की. जागा रिकामी हाय फक्त.”

नऊ मुलांच्या शाळेचं मला कौतुक नाही. त्याच शाळेत मी चार इयत्ता एका खोलीत, एका गुरुजींच्या नजरेखाली काढल्या. गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की शाळा म्हणजे कोंडवाडा. पण शिक्षणहक्काच्या नियमात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं आहे, आणि समूह शाळा आमच्या वाडीपासून ओढा ओलांडून चार किलोमीटर. पाटणचा जुलै ज्याने पाहिलाय त्याला तो ओढा समजावून सांगायला नको. गाडी देऊ म्हणतात. मुक्कामाची एसटीसुद्धा दिलीच होती.

मला वाडीसाठी इथलं एकच कलम उचलावंसं वाटतं. २०११ च्या कायद्याने इथे गावाला एखादी इमारत, पब, दुकान, ‘आमच्या उपयोगाची’ म्हणून नोंदवता येते. मालकाने ती विकायला काढली, तर गावाला पैसे जमवायला सहा महिने मिळतात. विकत मिळेलच याची हमी नाही. मालक शेवटी हव्या त्याला देऊ शकतो. आमचा पब तसाच गेला, सहा महिन्यांत निम्मीच रक्कम उभी राहिली. पण ते सहा महिने गाव भांडलं तरी, हिशेब मांडला तरी. शाळा ही काही विकाऊ मालमत्ता नव्हे, तरी मुदतीची गरज तिलाही आहे. पत्र आलं की सहा महिने गावाचे: पट वाढवता येतो का, शिक्षक वाटून घेता येतो का, जून ते सप्टेंबर तरी वर्ग इथेच ठेवता येतो का. मग ग्रामसभेत ठराव, आणि तो ठराव वाचल्याशिवाय वरून आदेश नाही.

भाऊ म्हणाला, “लिहून पाठव, दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचतो.” पाठवलं. मग त्याने विचारलं, तुमच्या गावची शाळा बंद झाली तेव्हा इमारतीचं काय केलं? मी ‘द ओल्ड स्कूल’चा फोटो काढून धाडला. फाटकाशी विक्रीची पाटी लागली आहे, ती फोटोत आली. किती म्हणतात, असं त्याने विचारलं. साडेपाच लाख पौंड, म्हणजे आपले सहा कोटींच्या वर, असं मी कळवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. फोटो त्याने ग्रुपवर अजून टाकलेला नाही.