पंधरा ग्रॅमचा गुरुवार

आमच्या महाविद्यालयाच्या हरित परिसर समितीच्या समन्वयकपदी माझी नेमणूक झाली ती माझ्या पर्यावरणप्रेमामुळे, असा समज शिक्षककक्षात आजही प्रचलित आहे. वास्तविक त्या आठवड्यात माझ्या स्कूटरचा बेल्ट तुटला होता, गॅरेजवाला रोज ‘उद्या’ म्हणत होता, आणि मी नाइलाजाने चिरंजीवांची सायकल घेऊन येत होतो. तिची सीट इतकी खाली होती की पायडल मारताना माझे गुडघे हॅण्डलला लागत आणि पाहणाऱ्याला मी काहीतरी व्रत करतो आहे असे वाटे. प्राचार्यांनी त्या अवस्थेत मला सलग तीन दिवस फाटकातून आत येताना पाहिले आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात पत्र पडले. मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे निदान अहवालात ऱ्हस्वदीर्घ तरी बरोबर येतील, हाही हिशेब त्यामागे असणार.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करून दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय परिषदेची समिती वर्षभराने येणार होती. नॅकच्या सातव्या निकषात हरित परिसराविषयी वाहनांच्या प्रवेशावर निर्बंध, सायकली किंवा बॅटरीवरच्या वाहनांचा वापर, पायी चालणाऱ्यांसाठी सोयीच्या वाटा, प्लास्टिकबंदी आणि झाडझाडोरा अशा पाच गोष्टी तेव्हा विचारल्या जात, आणि पुरावा म्हणून जिओटॅग केलेली, म्हणजे खाली अक्षांश-रेखांश आणि तारीख-वेळ उमटलेली, छायाचित्रे जोडावी लागत. मागणी इतकी सरळ होती. त्या सरळ मागणीतून आम्ही जे वाकडे काढले, त्याचे श्रेय सर्वस्वी आमचे आहे.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर होते, हे वाक्य प्रत्येक पुणेकर स्कूटरवर बसून बोलतो. डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये भाड्याच्या सायकलींची योजना सुरू झाली, तेव्हा ते दिवस परत आले असे मलाही वाटले होते. विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे असल्यामुळे तिथे एका विभागातून दुसऱ्या विभागात जायला सायकल लागते. आमचे आवार असे आहे की एका टोकाला शिंकले तर दुसऱ्या टोकाला ‘सत्यम्’ म्हणतात. तरीही निकषात सायकल होती, म्हणून आम्हाला सायकली हव्या होत्या. आमच्याकडे माझी धरून तीन निघाल्या, आणि त्यांतल्या एकीला चेन नव्हती. शेवटी सायकलदुकानदाराकडून एका दिवसापुरत्या बारा सायकली भाड्याने ठरवल्या आणि त्या डिझेलच्या टेम्पोतून आणल्या. विद्यार्थी-विद्यार्थिनी सायकलींवर हसतमुखाने बसल्या आहेत आणि पार्श्वभूमीला वडाचे झाड आहे, असे उत्तम छायाचित्र निघाले. केवळ उजव्या कोपऱ्यात टेम्पोचे नळकांडे आणि त्यातून निघणारा काळा ढग आला होता. तो कापायला गेले की अक्षांश कापला जाई, म्हणून तो तसाच राहिला.

मग आला वाहनमुक्त गुरुवार. त्या दिवशी एकही वाहन फाटकातून आत येणार नाही, असे परिपत्रक निघाले. (प्राचार्यांची मोटार ‘कार्यालयीन’ असल्यामुळे ती वाहन या व्याख्येत बसत नव्हती.) मी सकाळी सातपासून फाटकावरच्या मामांबरोबर वही घेऊन उभा राहिलो. वहीत शून्य भरले, मामांनी मला चहा पाजला, आणि साडेसातला शेजारच्या सोसायटीचे सचिव बनियनवर शर्ट चढवत आले. त्यांच्या दोन्ही गल्ल्या, एका डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी आणि गणपतीच्या देवळाचे अंगण आमच्या विद्यार्थ्यांच्या गाड्यांनी भरून गेले होते. ज्यांना जागा मिळाली नव्हती ते फेऱ्या मारत होते. “सर, तुमच्याकडे हरित आणि आमच्याकडे काय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मराठीचा प्राध्यापक असूनही मला शब्द सुचला नाही.

त्या दुपारी मी रसायनशास्त्राच्या मॅडमना शरण गेलो. त्यांनी फळ्यावर लिहिले की एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. यावर वाणिज्य विभागाचे सर उसळले. एक लिटर पेट्रोलचे वजन जेमतेम पाऊण किलो. पाऊण किलो माल घालून सव्वादोन किलो माल काढणारा धंदा जगात असता तर मी इथे ताळेबंद शिकवत बसलो असतो का, असा त्यांचा सवाल होता. पेट्रोलमधला कार्बन फक्त १२ भार आणतो आणि त्याला चिकटणारा ३२ भार ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून फुकट येतो, असे मॅडमनी समजावल्यावर सर एकदम शांत झाले आणि म्हणाले, “फुकट म्हणता? मग जमेल.”

पुढचे गणित मी केले. आमचा विद्यार्थी सरासरी ९ किलोमीटरवरून येतो असे धरले आणि त्याची स्कूटर लिटरला ४५ देते असे मानले, तर जाण्यायेण्याचे १८ किलोमीटर म्हणजे ०.४ लिटर, म्हणजे सुमारे ९२० ग्रॅम वायू. फाटकापासून आतल्या पार्किंगपर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले. ते दीडशे मीटर भरले. जाऊन-येऊन तीनशे मीटर, म्हणजे पंधरा ग्रॅम. वाहनमुक्त गुरुवारी आम्ही दर स्कूटरमागे इतकेच वाचवत होतो: वजनाने एक लहान पेढा. आणि जागा शोधत सोसायटीच्या गल्ल्यांतून जो किलोमीटरभर फिरला, त्याने त्या एका पेढ्यासाठी पन्नास ग्रॅम हवेत सोडले होते. मी हे वहीत दोनदा तपासले, आणि मग वही कपाटात खाली ठेवली.

परंतु एकदा हिशेबाचा नाद लागला की तो सुटत नाही. मी वर्गावर्गांत जाऊन विचारपूस केली, तेव्हा विज्ञान शाखेची बरीच मुले दिवसातून दोनदा येतात असे कळले. त्यांची व्याख्याने सकाळी दहाला संपत आणि प्रात्यक्षिक साडेबाराला सुरू होई. मधल्या अडीच तासांत ती घरी जाऊन जेवून परत येत. मॅडमनी त्यात आणखी भर घातली की एवढ्या वेळात इंजिन थंड होते आणि सायलेन्सरमधला धूर शुद्ध करणारा भाग तापेपर्यंत कामालाच लागत नाही, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांचा धूर सर्वांत वाईट असतो. एका मुलाची ही जादा फेरी एक दिवस वाचवली तर ९२० ग्रॅम वाचतात, म्हणजे तब्बल साठ वाहनमुक्त गुरुवार, तेही सोसायटीच्या सचिवांना न उठवता.

मी वेळापत्रक करणाऱ्या सरांकडे गेलो. ते बावीस वर्षे वेळापत्रक करत आहेत आणि वेळापत्रक हे वेदांप्रमाणे अपौरुषेय आहे, ते कोणी बदलत नसते, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी मला वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिलींनी भरलेला एक कागद दाखवला आणि म्हणाले, “यातली एक चौकट हलवा, मग बघा इमारत कशी खाली येते.” मी हात मागे घेतला.

इमारत खाली आली नाही, पण प्रयोगशाळेचे छत गळू लागले. त्याचे काम रोज दुपारी चालणार असल्याने, आणि प्लास्टर अंगावर पडण्यापुढे अपौरुषेयत्व टिकत नसल्याने, प्रात्यक्षिके पंधरा दिवसांसाठी सकाळच्या तासांना जोडून घेण्यात आली. त्या पंधरा दिवसांत दुपारी बारा ते साडेबारा या वेळेत फाटकावर चिटपाखरू नसे. एरवी त्या वेळी हॉर्नच्या गदारोळात शिट्टी फुंकून लालबुंद होणारे मामा खुर्चीत बसून शेंगा सोलत असत. सोसायटीचे सचिव एकदा आत येऊन, “आज सुट्टी आहे का?” असे विचारून गेले.

मी ही बातमी प्राचार्यांना सांगितली, हिशेबाची वही दाखवली. त्यांनी ती आदराने उलटपालट केली आणि विचारले, “हे निकषात कुठे बसते?” निर्बंधात बसत नव्हते, सायकलीत बसत नव्हते, झाडांत तर नाहीच. “आणि न आलेल्या मुलांचा फोटो कसा काढणार?”

मी तोही काढला. रिकामे फाटक, वेळ दुपारी १२ वाजून १० मिनिटे, अक्षांश-रेखांशासह. तो शेरा मारून परत आला: छायाचित्रात कोणीही दिसत नाही, उपक्रम स्पष्ट होत नाही, कृपया सायकलींसह पुन्हा घ्यावे. टेम्पोवाल्याचा नंबर माझ्याकडे होताच.