मागाच्या शेडमध्ये ऑफिस थाटताना

बेळगावच्या वडगाव-खासबागेत मागाची जुनी शेड भाड्यानं मिळाली? अभिनंदन. आता लॅपटॉपवाल्यांसाठी टेबलं मांडा आणि 'विणकरांचा वारसा' तासाच्या दरानं विका. या धंद्यात अडचण एकच, विणकर. पण तीही बहुधा तुमच्या आधीच सुटलेली असते. सूत महाग, साडी स्वस्त आणि बाजारात सुरतेचा माल. तुम्हाला हात घाण करावे लागत नाहीत.

बारापैकी अकरा माग भंगारात घाला. मागाच्या बाजू बिडाच्या असतात, त्या किलोवर जातात आणि उद्यमबागेतल्या एखाद्या फाऊंड्रीच्या भट्टीतून दुसराच कुठला तरी सुटा भाग होऊन बाहेर पडतात. बारावा दाराशी ठेवा. त्याची मोटर काढा, पट्टा काढा, आडवं सूत घेऊन धावणारा धोटा मात्र राहू द्या. फोटोत तोच खुलतो. धोट्याची टोकं लोखंडी आणि अणकुचीदार असतात, तेव्हा तो आतून पक्का बांधा. चालत्या मागावरून उडालेल्या धोट्यानं डोळा जातो, हे पाटीवर लिहू नका. 'श्रमाची लय' एवढं पुरे.

आता जमीन. कोब्यात वर्षानुवर्षांचं वंगण मुरलेलं असतं. त्यावर थेट इपॉक्सी ओतलंत तर ते धरत नाही, थोड्याच दिवसांत पापुद्रे सुटतात. आधी तेल काढणाऱ्या रसायनानं दोन-तीनदा धुवा, मग ग्राइंडरनं वरचा थर खरवडा, पूर्ण सुकू द्या आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब गोटीसारखा उभा राहिला तर तेल आहे, पुन्हा घासा. जिरला तर प्रायमर मारा. मागाच्या पायांचे बोल्ट कापून काढा. हातोड्यानं तोडायला गेलात तर कोबाच फुटेल.

खड्डामाग असेल तर खड्डा अजिबात बुजवू नका, कडेनं गाद्या टाका. विणकर त्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायचा. आता तिथं 'ब्रेनस्टॉर्मिंग' होईल. फक्त वायरी त्या बाजूनं नेऊ नका, जमिनीपासून दोन-तीन फूट वरून न्या. ऑगस्ट 2019 च्या पुरात जिल्ह्यातल्या विणकरांच्या खड्ड्यांत पाणी भरलं होतं, आणि पाण्याला भाडेकरू बदलल्याचं कुणी कळवत नाही.

विजेचा हिशोब सोपा आहे. एकेका हॉर्सपॉवरच्या बारा मोटरी म्हणजे नऊ किलोवॅट. दीड टनाचे सहा एसी लावले की तेवढा भार तिथंच संपतो, कॉफीचं मशीन वेगळं. एसी तिन्ही फेजवर दोन-दोन वाटा, नाहीतर एका फेजवर बोजा येऊन दुपारी ऐन मीटिंगला ब्रेकर पडेल. यंत्रमागाचा सवलतीचा दर तुम्हाला लागू नाही, तेव्हा हेस्कॉम या वीज कंपनीकडून व्यापारी जोडणी घ्या. सवलत गरिबांसाठी असते. तुम्हाला गुंतवणूकदार असतात.

खरा वैताग आवाजाचा. शेजारी अजून माग चालू असतील तर मिनिटाला शंभरावर वेळा खडाक्. दुहेरी जिप्सम घाला, मध्ये रॉकवूल भरा, आणि ती भिंत थेट कौलांपर्यंत न्या. फॉल्स सीलिंगपाशी थांबवलीत तर आवाज वरून उडी मारून येतो. एवढं करूनही जमिनीतून येणारा थरकाप उरतोच, आणि त्यावर उपाय एकच: शेजारची शेडही घ्या. तुम्ही देता ते भाडं गल्लीत कळलं की ती आपसूक रिकामी होते. घर फिरलं की वासेही फिरतात. इथं वासे आधी फिरतात, इतकंच.

पाटीवर साठ टक्के कन्नड हवी, 2024 चा कायदा आहे. उरलेल्या चाळीसात इंग्रजी बसवा. मराठी? ज्या मराठीसाठी इथं 1956 पासून मोर्चे निघतायत, ती तुम्हाला घरमालकाशी घासाघीस करायला लागेल. तिथं ती अस्खलित हवी, 'मामा' म्हणण्यासकट.

शनिवारी प्रात्यक्षिकाला एखादा जुना विणकर रोजंदारीवर बोलवा. मागाला मोटर नाही हे त्याला आधीच सांगा, नाहीतर तो बटण शोधत बसतो. आणि तेलाची बुधली त्याच्या हाताशी ठेवू नका. सवयीनं तो मागाला तेल घालतो, ते नव्या इपॉक्सीवर ठिबकतं, आणि घसरून पडतो तो नेमका वर्षभराचं भाडं आगाऊ भरलेला.