चित्रकार्डांच्या अदलाबदलीसाठी नोंदणी लागत नाही

हाताने केलेल्या छोट्या चित्रकार्डांची (‘आर्टिस्ट ट्रेडिंग कार्ड’) अदलाबदल करण्यापूर्वी शुल्क भरून नोंदणी करावी लागते, त्याशिवाय कार्ड ‘अधिकृत’ ठरत नाही, असा संदेश जळगाव-धुळ्याकडील हौशी चित्रकारांमध्ये फिरत आहे. तो साफ चुकीचा आहे. स्विस कलावंत एम. व्हेंची श्टिर्नेमान यांनी १९९७ मध्ये झुरिक येथे हा उपक्रम सुरू केला, तोच मुळी पैशाचा व्यवहार मध्ये न आणता एकाचे कार्ड दुसऱ्याला मिळावे या हेतूने. बंधन आहे ते आकाराचे: अडीच बाय साडेतीन इंच, म्हणजे सुमारे ६४ बाय ८९ मिलिमीटर. मागील बाजूस नाव व तारीख लिहावी. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद त्या मापात कापून, त्यावर खानदेशातील कानबाई देवीच्या नारळाचे डोळे आणि नथ बारीक ब्रशने रेखाटली, तरी ते पूर्णपणे खरे कार्ड असते. याच मापाची कार्डे विकण्याची ‘एसीईओ’ (आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स) नावाची वेगळी प्रथा आहे. घोळ बहुधा तिथूनच झाला असावा. मात्र विक्रीसाठीही अशी नोंदणी लागत नाही. भेटून अदलाबदल केल्यास टपालखर्चही येत नाही. तेव्हा कोणीही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, असे शुल्क भरू नये.