“पैशाचं काय, शिकायला मिळतंय ना?”

ज्युनिअर वकिलाला हमखास ऐकवलं जाणारं हे वाक्य एकदा कोर्टाच्या भिंतीवर कोरूनच टाका! काय शिकतो ज्युनिअर? वकीलपत्रावर वेल्फेअर स्टॅम्प राहिला की फायलिंगच्या खिडकीवरून परत कसं यायचं. पानांवर नंबर नाहीत म्हणून अख्खा दावा सोडून पुन्हा कसा बांधायचा. आणि समन्सचा भत्ता भरूनही बेलिफाच्या मागे लागल्याशिवाय ते बजावलं का जात नाही. (हा विषय कुठल्या पेपरला होता हो?)

सीनिअर साहेब दुसऱ्या कोर्टात, इथे पुकारा. ज्युनिअरने म्हणायचं, “पासओव्हर,” म्हणजे थोड्या वेळाने पुकारा. दुपारी पुन्हा पुकारा, साहेब अजून तिथेच! मग मुदतीचा अर्ज, खर्चासह मंजूर. बोलणी कोणी खाल्ली? निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, उद्या से (लेखी म्हणणं) द्यायचाय आणि फाइल हातात पडते रात्री नऊला. तीही अर्धी, दाव्याची नक्कल पक्षकाराच्या घरी, कपाटात.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरसाठी शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये सुचवले. सुचवले, हां! सक्ती नाही. म्हणजे हातात पेट्रोलपुरते. त्यातूनच कोर्ट फीची तिकिटं, झेरॉक्स, नकलेचे पैसे आधी आपण भरायचे. ते परत कधी मागायचे? दिवाळीला, फराळाच्या ताटासोबत?