दिव्यांगांची जागा फक्त दाखवायला ठेवलेली नाही, ताई

नमस्कार ताई,

रविवारी सकाळी तुम्हाला आणि आईंना आमच्या मिसळीच्या हॉटेलच्या दारात त्रास झाला आणि तुम्ही तसा रिव्ह्यू लिहिलात, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला उन्हात थांबावं लागलं, ही चूक आमचीच. दिव्यांगांच्या गाड्यांसाठी राखीव असलेल्या दोन जागांपैकी एकीत पावाचे क्रेट आणि वॉचमनची सायकल होती, तुमच्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय. पाववाल्याचा टेम्पो सातऐवजी साडेनऊला आला आणि पोरांनी समोर मोकळी दिसली ती जागा धरली. कारण काहीही असो, तिथे क्रेट जायला नको होते.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही लिहिलंत, "दिव्यांगांची जागा फक्त दाखवायला आहे. दुसऱ्या जागेत पांढरी गाडी होती, त्यातून धडधाकट पोरगा उतरला आणि ताडताड चालत आत गेला. मालकाच्या ओळखीचा असणार. परदेशात परवाना नसेल तर तिथे गाडी लावू देत नाहीत, इथे विचारतंय कोण. पंचवीस मिनिटं ताटकळत ठेवलं." आणि खाली एक स्टार.

आधी त्या मुलाविषयी. तो दोन वर्षं आमच्याकडे मिसळ खायला येतो, एवढीच त्याची-माझी ओळख. पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या वॉचमनमामांनाही तुमच्यासारखंच वाटलं होतं. त्यांनी त्याला चारचौघांत हटकलं, "ही जागा अपंगांची आहे, गाडी पुढे घ्या." तो काही बोलला नाही. पाकिटातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांना मिळणारं सरकारी ओळखपत्र, काढून त्याने मामांच्या हातात दिलं. मामा ते घेऊन गल्ल्यावर माझ्याकडे आले. मी वाचलं, स्वतः गाडीपाशी जाऊन परत दिलं आणि त्याची माफी मागितली. त्याला काय झालंय ते मी इथे लिहिणार नाही, तो त्याचा खासगी विषय आहे. त्याला विचारून एवढंच सांगतो की त्याचे काही दिवस बरे जातात, आणि काही दिवस गाडीतून पाय खाली टेकवायलाच त्याला पाच मिनिटं लागतात. तुम्ही पाहिलंत तो बरा दिवस होता.

ताई, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस ही नावं नव्या यादीत आहेत. त्या मुलाला यातलंच काही आहे असं कृपया समजू नका, मी सर्वसाधारण सांगतोय. हिमोफिलियात गुडघ्यात आतल्या आत रक्त उतरतं, सांधा हळूहळू निकामी होत जातो. वरून पँट घातलेली असते, समोरच्याला कळणार कसं? मलाही या जागा आखायला घेईपर्यंत हे माहीत नव्हतं. दिव्यांग म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर कुबड्या नाहीतर चाकाची खुर्चीच यायची.

परवान्याचं तुमचं म्हणणं मला पटतं, पण ते इथे लागू कसं करायचं ते सांगा. अमेरिकेत गाडीच्या आरशाला टॅग लटकवतात, इंग्लंडमध्ये काचेमागे ब्लू बॅज ठेवतात. लांबून बघितलं तरी कळतं. हे हॉटेल सुरू केल्यापासून असा सरकारी टॅग मी आमच्या आवारात एकाही गाडीवर पाहिलेला नाही. इथे कार्ड असतं आणि ते माणसाच्या खिशात असतं. गाडीवर दिसतो तो खुर्चीच्या चित्राचा स्टिकर, आणि तो कुठल्याही रेडियमवाल्याकडे कोणालाही मिळतो. असा स्टिकर लावून आलेल्या दोन-तीन धडधाकट लोकांना आम्ही परत पाठवलं आहे, त्यातल्या एकाने जाताना मामांना शिव्या घातल्या.

मग प्रत्येकाकडे कार्ड मागायचं का? पायाला प्लास्टर घातलेला माणूस येतो, त्याच्याकडे कार्ड नसतं. आठव्या महिन्यातली बाई येते. काठी टेकत, नातवाचा हात धरून ऐंशी वर्षांचे आजोबा येतात. दिव्यांगत्वाची टक्केवारी ४० किंवा त्याहून जास्त असलेलं प्रमाणपत्र दाखवा, मगच मिसळ, असं या लोकांना दारात सांगायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या आईंचं कार्डही आम्ही मागितलं नव्हतं, मागणारही नव्हतो. मग त्या मुलाने तुम्हाला पुरावा का द्यायचा, हे जरा शांतपणे बघा एवढीच विनंती.

आता पंचवीस मिनिटं. मी सीसीटीव्ही तीन वेळा पाहिला. तुमची गाडी ९ वाजून ४२ मिनिटांनी गेटमधून आत आली. ९.४६ ला मामा तुमच्याशी बोलले आणि पोरांना हाक मारायला मागे गेले. ९.५३ ला क्रेट उचलून जागा मोकळी झाली. म्हणजे अकरा मिनिटं. ती अकरा मिनिटंही आईंच्या वाट्याला यायला नको होती, ते मी वर कबूल केलंच आहे. पण त्यापुढे तुम्ही थांबलात ते टोकनसाठी, आणि रविवारी नऊ ते बारा टोकन सगळ्यांनाच असतं. सोमेश्वरच्या देवळाला जाणारी सगळी गर्दी आधी इथे उतरते. तरीही आईंना पाहून वेटरने तुम्हाला मधल्या दोन टोकनच्या आधी बसवलं, तेही कॅमेऱ्यात आहे.

आणखी एक गोष्ट लिहू की नको, असा खूप विचार केला. त्या अकरा मिनिटांत तुमची गाडी रॅम्पच्या तोंडाशी उभी होती. तुमच्याही मनावर ताण होता, मी समजू शकतो. पण सिडकोहून येणारे आमचे एक जुने गिऱ्हाईक, ज्यांच्या स्कूटरला बाजूने जादा चाकं आहेत, ते नाश्ता करून निघाले होते आणि कुबड्या घेऊन रॅम्पवर वरच थांबून राहिले. त्यांना उतरायला वाट नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मामांनी गाडी थोडी पुढे घ्यायला सांगितली, तेव्हा तुमच्या भावाने त्यांना "तुझ्या बापाची जागा आहे का" असं विचारलं. मामा साठीच्या पुढचे आहेत. त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत.

"फक्त दाखवायला" हे शब्द मला सर्वांत जास्त लागले. आमचा आर्किटेक्ट म्हणाला होता, बिल्डिंग कोडप्रमाणे दिव्यांगांची जागा ३.६ मीटर रुंद हवी आणि दारापासून ३० मीटरच्या आत हवी. म्हणजे रुंदी बारा फूट. साधी गाडी आठ फुटांत बसते. एवढी रुंद कशाला, असं मीही त्याला विचारलं. त्याने मला गाडीचं दार पूर्ण उघडायला लावलं आणि शेजारी चाकाची खुर्ची ठेवून दाखवली. तेव्हा समजलं, की शेजारी चिकटून गाडी लागली तर माणूस आतल्या आत अडकतो. ते पिवळे तिरपे पट्टे आहेत ना, ते त्यासाठी आहेत. तिथे स्कूटर लावली तरी जागा वाया गेली. अशा दोन जागांत साध्या तीन गाड्या बसल्या असत्या. रविवारी एका गाडीमागे चार-पाच मिसळी धरा, आणि बाहेर सिंहस्थाच्या कामांमुळे रस्त्याकडेला गाडी लावायची सोय उरलेली नाही. तरी त्या दोन जागा मी दारासमोर ठेवल्या, मागच्या कोपऱ्यात ढकलल्या नाहीत.

रॅम्पचंही तसंच. गवंड्याने आधी सात फुटांचा रॅम्प करून दिला होता. पहिल्याच आठवड्यात एक खुर्ची चढता चढता मागे आली, आमच्या पोराने धरली म्हणून निभावलं. मग कळलं की एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमच्या तीन पायऱ्या मिळून दीड फूट, म्हणजे अठरा फूट रॅम्प. केलेलं काम फोडलं आणि पुन्हा बांधलं, त्यात बाहेरचं एक टेबल गेलं. तुमच्या आई त्याच रॅम्पवरून एका माणसाच्या मदतीने आरामात आत आल्या. तुमच्या रिव्ह्यूमध्ये त्याविषयी एक ओळ असती तर बरं वाटलं असतं.

या हॉटेलवर चौदा घरं चालतात. नवीन गिऱ्हाईक सर्वांत वरचा रिव्ह्यू वाचून गाडी वळवतं किंवा पुढे जातं. काल एका भिशीच्या ग्रुपने बुकिंग रद्द केलं, कारण सांगितलं नाही, पण मला शंका येतेच. क्रेट ठेवण्याची वेगळी व्यवस्था करतो आहोत, पोरांना समज दिली आहे, पाटीही मोठी करू, आणखीही जे सुचेल ते करू. आईंना घेऊन परत याल तेव्हा निघताना एक फोन करा, मी स्वतः बाहेर थांबेन.

स्टार किती द्यायचे तो तुमचा अधिकार आहे, एकच राहू द्या. क्रेटबद्दल लिहिलंय तेही राहू द्या, ते खरं आहे. फक्त "धडधाकट पोरगा" आणि "मालकाच्या ओळखीचा" ही दोन वाक्यं काढाल का? त्या मुलाने तुमचा रिव्ह्यू वाचला. सोमवारी त्याचा फोन आला, "काका, पुढच्या वेळी गाडी बाहेर रस्त्यावरच लावतो, तुम्हाला त्रास नको." मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. तो ऐकेल की नाही, माहीत नाही.

आईंना नमस्कार सांगा.