‘मिटिंगला जाऊन दारू सुटत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: दारू सोडायला मनाचा निग्रह पुरतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए. या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या मिटिंगला दारुडेच जमतात, तिथे माणूस आणखी बिघडतो. नाव फुटतं, पैसे जातात, वर ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावतात. त्यापेक्षा चहात मिसळायचं औषध आणा, त्याला कळणारही नाही. माझा दादा ए.ए.त आहे आणि त्याच्याबरोबर मी खुल्या, म्हणजे घरच्यांनाही बसता येणाऱ्या, मिटिंगांना बसते, म्हणून लिहिते आहे.

आधी औषधाचं बोलू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. अशा पुड्यांत काय असतं हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण डॉक्टर ते तपासणी करून, रुग्णाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीनेच देतात. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या सुरू होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावू शकतो. ज्याला आपल्या चहात काय आहे हेच माहीत नाही, तो संध्याकाळी गुत्त्यावर जाणारच. कुणी आपल्याला हा सल्ला दिला तर तिथल्या तिथे थांबवा.

‘निग्रह पुरतो’ हे वाक्यही तितकंच घातक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने निग्रहाने एका दिवसात दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे हातपाय थरथरणं, भास होणं, भ्रम होणं इथपर्यंत मजल जाते. तेव्हा आधी डॉक्टर, मग मिटिंग. मिटिंग ही डॉक्टरची जागा घेत नाही आणि ए.ए. तसा दावाही करत नाही.

मग मिटिंगचा उपयोग काय? २०२० साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. ए.ए.शी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४२ टक्के लोक वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त होते. समुपदेशनासारख्या इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना वर्षभर कोरडं राहणं जमलं नव्हतं, हेही त्याच आकड्यात आहे. तरीही ज्याला निरुपयोगी म्हणून हिणवलं जातं, ते इतर उपचारांपेक्षा सरस ठरलं.

दारुडे एकत्र आले की पिणारच, हे म्हणणाऱ्यांना ए.ए. कशी सुरू झाली तेच सांगावंसं वाटतं. मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल नावाचा माणूस धंद्याचं काम फिसकटल्यामुळे हॉटेलच्या लॉबीत उभा होता. काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली, समोर बार. त्याने बारकडे पाठ करून फोन फिरवायला घेतले: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे. त्यातून डॉ. बॉब या सर्जनची गाठ पडली. बॉब शेवटचं प्यायला तो दिवस, १० जून १९३५, ए.ए.चा स्थापनादिवस मानतात.

एका दारुड्याने दुसऱ्याशी बोलत कोरडं राहणं, हेच मी महापालिकेच्या शाळेतल्या वर्गात पाहते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं, फळ्यावर अर्धवट पुसलेला पाढा. एकेक जण उठून ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि शेअरिंग करतो, म्हणजे आपली हकिकत सांगतो. मध्ये कुणी त्याला तोडत नाही. एकदा स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला, एक जण बऱ्याच दिवसांनी परतला. मान खाली. कुणी जाब विचारला नाही, शेजारच्याने सरकून जागा केली आणि चहाचा कप हातात दिला. घरी आम्ही दादाला असं कधी वागवलं नव्हतं.

नाव? पहिलं नाव पुरतं, पत्ता कुणी मागत नाही. गाव लहान असेल तर ओळखीचं कुणी भेटेल हे खरं. काही जण त्यासाठी शेजारच्या तालुक्याच्या मिटिंगला जातात. पैसे? फी नाही, बाहेरच्या देणग्या ए.ए. घेत नाही. सभासदच ऐपतीप्रमाणे देतात, नव्याने आलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं.

प्रार्थनेच्या आक्षेपात थोडं तथ्य आहे. ए.ए.ची मुळं ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आहेत आणि १९३९ मध्ये छापलेल्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्याच्या तिच्या कार्यक्रमात, ईश्वराचा उल्लेख येतो. पण त्यापुढेच ‘आम्हाला जसा समजला तसा’ असंही लिहिलं आहे. दादाच्या ग्रुपमध्ये विठ्ठलाची माळ घातलेलेही आहेत आणि कुठलाच देव न मानणारेही. देव न मानणारे ग्रुपलाच आपली शक्ती मानतात.

शोधायचं कसं, तर ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर मिटिंगची माहिती असते. सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारखी व्यसनमुक्ती केंद्रंही पाठपुराव्याच्या मिटिंग घेतात. निघण्याआधी फोन करून वेळ पक्की करा, शाळेला सुट्टी असली की जागा बदलते. मिटिंग खुली आहे की बंद हेही विचारा: बंद मिटिंगला फक्त पिण्याचा त्रास असलेलेच बसतात. बाई असाल तर ग्रुपमध्ये आणखी बायका आहेत का ते निःसंकोच विचारून घ्या. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी मिटिंग असते. तिथे पिणारा सोबत यायलाच हवा असं नाही, एकटं गेलं तरी चालतं. पहिल्या दिवशी नुसतं ऐकून आलात तरी कुणी बोलायचा आग्रह करणार नाही, आणि एक ग्रुप नाही रुचला तर दुसऱ्यात बसून बघा.