कॉलेजच्या मुलींनो, फिट राहायचंय? मग हे वाचाच

वजन कधीही गुपचूप करायचं नाही. कॉलेजच्या हेल्थ कॅम्पमध्येच करायचं, तेही जिन्याखाली काटा मांडलेला असताना, म्हणजे वर जाणाऱ्या अख्ख्या टीवायला ऐकू जातं. आमच्याकडे मागच्या आठवड्यात झाला. काट्यावरचा माणूस भाजीवाल्यासारखा ओरडला, "बासष्ट!" मॅडमनी उंची विचारली, कॅल्क्युलेटर बडवला आणि मान वर न करता म्हणाल्या, "ओव्हरवेट. जरा चालत जा गं." मी कबड्डी खेळते. गुडघा सोललेला, त्यावर पट्टी, पण मान वर केली तर दिसणार ना.

बीएमआयशी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याशी, वाद घालायचा नाही. १६० सेंटिमीटरला ६२ किलो म्हणजे २४.२, आपल्याकडे २३ च्या पुढे ओव्हरवेट, विषय संपला. आता ते सूत्र क्वेटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञाने १८३० च्या दशकात माणसांची सरासरी काढताना मांडलेलं, त्याला स्नायू कुठला नि चरबी कुठली हे कळत नाही, पण मोठ्यांना उलटं बोलू नये.

व्यायाम करा, पण घाम येऊ देऊ नका.

उन्हात प्रॅक्टिस नको, काळ्या पडाल. खांदे भरू देऊ नका, मावशी म्हणते ब्लाऊज नीट बसत नाही.

डोंबिवली ते दादर उभ्याने, मग दादरचा पूल, पाठीवर सॅक. हे व्यायामात धरत नाहीत.

जिमखाना मुलींसाठी बारा ते एक उघडा असतो, तेव्हाच आपलं प्रॅक्टिकल असतं, योगायोग. बाकी दिवसभर तिथे मुलं कॅरम खेळतात, त्यांचं वजन कोणी ओरडत नाही.

आणि डबा अर्धाच खा. आमच्या कबड्डी टीमची लेफ्ट कॉर्नर त्या दिवसापासून तेच करतेय, काल ग्राउंडवर चक्कर येऊन बसली. त्या कॅम्पात हिमोग्लोबिन तपासलं का कोणी? नाही. सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, आणि तुम्ही नुसता काटा घेऊन येता? एक सुई टोचायची होती, तेवढं नाही झालं. पडदा लावायला काय पैसे पडतात? वजन हळू आवाजात सांगता येत नाही? आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम करा असा डब्ल्यूएचओचा तक्ता लावलात भिंतीवर, मस्त, पण करायचा कुठे? अर्ध्या ग्राउंडवर तुमच्या गाड्या उभ्या असतात, रेड टाकायला गेलं की बंपरवर आपटतो आम्ही. आम्हाला चालायला सांगता? गाड्या काढा आधी तिथून.